चांगल्या वाहकांचा वाईट वाहक

मागच्या महिन्यात याच पानावर आम्ही तांब्याची भांडी, कलई आणि पितळ यांविषयी लिहिले होते. त्यावर एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या विचारतात, तांब्यातून वीज चांगली जाते, अ‍ॅल्युमिनियममधूनही जाते, मग दोन्ही वितळवून एकत्र ओतले तर त्यांची तार आणखी चांगली होईल का? प्रश्न अगदी रास्त आहे. दूध चांगले, खजूर चांगला, मग शीरखुर्मा चांगलाच होणार, असा आपला स्वयंपाकघरातला अनुभव. धातूंच्या दुनियेत मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

याचा पुरावा घरातच आहे. इस्त्री किंवा विजेची शेगडी तापते ती नायक्रोमच्या तारेने. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम. दोन्ही धातू वीज वाहून नेतात, पण त्यांचे मिश्रण विजेला इतका अडथळा करते की तार लालबुंद होते. हा अडथळा मोजण्यासाठी रोधकता हे माप वापरतात. दहावीच्या वाचकांना ते ठाऊक असेलच. मायक्रोओहम-सेंटिमीटर या एककात तांब्याची रोधकता सुमारे १.७ आहे, अ‍ॅल्युमिनियमची २.७, लोखंडाची १० च्या आसपास आणि नायक्रोमची साधारण ११०. आकडा जितका मोठा तितका विजेला अडथळा मोठा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता एक मिश्रण घ्या. शंभर अणूंपैकी ६५ अ‍ॅल्युमिनियमचे, २० तांब्याचे आणि १५ लोखंडाचे. तिन्ही धातू रोजच्या वापरातले, तिन्ही वीज वाहून नेणारे. योग्य तऱ्हेने ते ओतले आणि तापवून मुरू दिले, तर जो पदार्थ मिळतो त्याची रोधकता काही हजारांत जाते. नायक्रोमच्याही कितीतरी पट. द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, उत्तम नमुन्यांत हा आकडा दहा हजारांच्या घरात पोहोचतो. हेही उलटेच! साधा धातू थंड केला की त्यातून वीज अधिक सहज वाहते. इथे थंडीने अडथळा वाढतो. अ‍ॅल्युमिनियम, पॅलेडियम आणि ऱ्हेनियम यांचे असेच एक मिश्रण आहे. त्याची अतिथंड अवस्थेतली रोधकता आपल्या घरातल्या तांब्याच्या तारेच्या लाखपटीपर्यंत जाते. तीन धातूंपासून बनलेला, दिसायला चकचकीत धातूच असलेला पदार्थ, आणि विजेच्या बाबतीत जवळजवळ दुर्वाहकांच्या पंक्तीत.

या पदार्थांना क्वासीक्रिस्टल म्हणतात. स्फटिकासारखा, पण स्फटिकाच्या जुन्या व्याख्येत न बसणारा, असा त्याचा अर्थ. उर्दू माध्यमाच्या जुन्या पुस्तकांत स्फटिकाला ‘कलम’ असा शब्द आहे. मराठीतला ‘कलमी शोरा’ त्याच घराण्यातला. कलमी म्हणजे स्फटिकरूप.

मिठाचा खडा भिंगाखाली पाहिला तर त्याच्या सरळ कडा आणि काटकोन दिसतात. आत अणू एका ठरावीक मांडणीत बसलेले असतात आणि तीच मांडणी तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येते. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला हे न शिकवता कळते. चौकोनी फरशा बसतात, त्रिकोणी बसतात, षटकोनी बसतात. पंचकोनी फरशांनी मात्र जमीन भरत नाही. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन एका बिंदूपाशी आणले की ३२४ अंश होतात आणि ३६ अंशांची फट राहते. चौथ्याला तेवढी जागा पुरत नाही. म्हणूनच पुनरावृत्ती असलेल्या स्फटिकात पाच किंवा दहा बाजूंची सममिती असू शकत नाही, असा नियम होता. गणिताने सिद्ध झालेला नियम, आणि तो आजही खरा आहे. चूक होती ती ‘पुनरावृत्ती नाही म्हणजे शिस्तच नाही’ या समजुतीत.

८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत इस्रायलचे डॅन शेख्टमन यांनी अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजचा एक नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. वितळलेला रस वेगाने फिरणाऱ्या चाकावर ओतून क्षणात गोठवलेला तो नमुना होता. त्याच्या विवर्तनचित्रात मध्यबिंदूभोवती दहा-दहा ठिपक्यांची वर्तुळे दिसली. ठिपके स्पष्ट आणि टोकदार. टोकदार ठिपके म्हणजे आत शिस्त आहे. दहाची सममिती म्हणजे ती शिस्त पुनरावृत्तीची नाही. पुढची कहाणी अनेकांनी ऐकली असेल. सहकाऱ्यांनी वेड्यात काढले, निबंध प्रसिद्ध व्हायला नोव्हेंबर १९८४ उजाडले, आणि दोन नोबेल मिळवलेले लायनस पाउलिंग १९९४ मध्ये मरेपर्यंत ही गोष्ट नाकारत राहिले. शेख्टमन यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९२ मध्ये, स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्या बदलली होती. नव्या व्याख्येत ‘पुनरावृत्ती’ हा शब्द राहिला नाही. विवर्तनचित्रात टोकदार ठिपके दिसले पाहिजेत एवढीच अट राहिली.

इथे इस्फहानचा उल्लेख करायलाच हवा, कारण आमच्या वाचकांपैकी कुणी ना कुणी तो काढणारच. इराणमधल्या इस्फहान शहरात दर्ब-ए-इमाम ही १४५३ मधली वास्तू आहे. तिच्या भिंतीवरची नक्षी दशकोन, पंचकोन आणि ताऱ्यांची आहे. तिला ‘गिरह’ची नक्षी म्हणतात; कव्वालीत गिरह बांधतात तोच हा शब्द, गाठ. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले, की या नक्षीत मोठ्या आकारांतून लहान आकार काढण्याची जी पद्धत आहे ती क्वासीक्रिस्टलच्या गणिताला फार जवळची आहे. याच जातीच्या फरशांचे गणित इंग्लंडच्या रॉजर पेनरोझ यांनी १९७० च्या दशकात मांडले होते. त्या कारागिरांच्या हाताला आणि नजरेला आमचा सलाम. पण म्हणून त्यांना अणूंची मांडणी ठाऊक होती असे कुणी म्हणू लागले तर ते आम्हाला पटत नाही. त्यांनी भिंत सजवली आणि फार सुंदर सजवली. त्यांचे मोठेपण सिद्ध करायला नोबेलची साक्ष लागत नाही.

तर आता वीज. शेख्टमन यांचा नमुना घाईने गोठवलेला होता, कण बारीक, आत दोष भरपूर. असल्या पदार्थातून वीज नीट गेली नाही तर नवल काय, दोषांमुळेच अडते, असे म्हणून विषय मिटवता आला असता. चित्र बदलले १९८७ मध्ये. जपानच्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात आन पांग त्साय या मूळच्या तैवानच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि लोखंडाचे तेच वर सांगितलेले मिश्रण बनवले. त्यातला क्वासीक्रिस्टल घाईने गोठवावा लागत नव्हता. तो सावकाश थंड केला तरी टिकत होता, तापवून मुरवला तर अधिक निर्दोष होत होता. विशेष म्हणजे या तीन धातूंच्या नकाशावर हा पदार्थ ब्रॅडली आणि गोल्डश्मिट या दोघांनी १९३९ मध्येच नोंदवून ठेवला होता. त्याची आतली रचना मात्र तेव्हा कुणाला उलगडली नव्हती. जवळजवळ पन्नास वर्षे तो एका ग्रीक अक्षराच्या नावाने नकाशावर पडून होता.

निर्दोष नमुने हाती आले आणि मोजमाप झाले, तेव्हा खरा धक्का बसला. नमुना जितका निर्दोष, तितका विजेला अडथळा जास्त. दोषांवर खापर फोडण्याची सोयच उरली नाही. अडथळा त्या शिस्तीतच होता.

त्साय यांनी हे मिश्रण अंधारात चाचपडून काढले नव्हते. त्यांच्या हाती इंग्लंडच्या विल्यम ह्यूम-रॉदरी यांचा साठ वर्षांपूर्वीचा नियम होता. या गृहस्थांविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. १८९९ चा जन्म. सैन्यात अधिकारी व्हायचे होते, वूलिचच्या लष्करी अकादमीत दाखलही झाले. १९१७ मध्ये मेंदूच्या आवरणाचा ज्वर झाला. जीव वाचला, कान गेले, दोन्ही आणि कायमचे. सैन्याची वाट बंद झाली. मग ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकले, लंडनला धातुशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पुन्हा ऑक्सफर्डला येऊन आयुष्यभर मिश्रधातूंचा अभ्यास केला. १९५८ मध्ये ते तिथले धातुशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. ज्याला वर्गातले एक अक्षर ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्याचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या शिक्षकखोलीत अधूनमधून निघतो. तेव्हा आम्ही हे नाव घेतो.

त्यांचा नियम पितळेवर समजतो. तांब्याचा प्रत्येक अणू मिश्रणाच्या सामाईक खात्यात एक इलेक्ट्रॉन घालतो, जस्ताचा अणू दोन. एक तांबे आणि एक जस्त असेल तर दोन अणूंमागे तीन इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूमागे १.५. पाच तांबे आणि आठ जस्त घ्या: ५ अधिक १६, एकवीस इलेक्ट्रॉन, तेरा अणू, सरासरी सुमारे १.६२. एक तांबे आणि तीन जस्त: सात इलेक्ट्रॉन, चार अणू, १.७५. या तीन प्रमाणांच्या आसपास तीन निरनिराळ्या रचना तयार होतात. गंमत अशी, की तांब्याऐवजी चांदी घेतली किंवा जस्ताऐवजी कथील वा अ‍ॅल्युमिनियम घेतले, तरी त्याच सरासरीला तीच रचना येते. धातू कोणता यापेक्षा इलेक्ट्रॉन किती, हे रचना ठरवते. (आपल्या घरातले पितळ या तिघांपैकी नव्हे. साधारण ३५ टक्क्यांपर्यंतचे जस्त तांब्याच्या मूळ रचनेतच सामावून जाते. पाच-आठचे पितळ इतके ठिसूळ असते, की त्याचा तांब्या पडला तर तुकडे गोळा करावे लागतील.)

असे का व्हावे? यासाठी इलेक्ट्रॉन पदार्थात कसे बसतात ते पाहू.

जुम्म्याच्या नमाजला सफा कशा भरतात ते आठवा. आधी पहिली सफ, ती भरली की दुसरी, मग तिसरी. कुणी मध्येच मागे जाऊन उभे राहत नाही. इलेक्ट्रॉनही असेच कमी ऊर्जेच्या जागा आधी भरतात, मग त्याहून जास्त ऊर्जेच्या. एका जागी एकच. आपल्या सफा सारख्या लांबीच्या असतात, इलेक्ट्रॉनांच्या नसतात. कोणत्या ऊर्जेला किती जागा आहेत हे पदार्थाच्या रचनेवर ठरते. ‘इलेक्ट्रॉनी रचना’ म्हणजे मुख्यतः हाच तक्ता: कुठल्या सफेत किती जागा.

आता विजेचा दाब म्हणजे एक हलकासा धक्का. पुढच्या सफांतली माणसे त्या धक्क्याने हलू शकत नाहीत, कारण त्यांच्या मागची-पुढची प्रत्येक जागा भरलेली आहे. हलू शकतात फक्त शेवटच्या भरलेल्या सफेतले, कारण त्यांच्या लगतच मोकळ्या जागा आहेत. तांब्यात वा अ‍ॅल्युमिनियममध्ये तिथे भरपूर माणसे आणि भरपूर मोकळ्या जागा असतात. म्हणून वीज वाहते. दुर्वाहकात शेवटच्या भरलेल्या सफेच्या मागे मोठी रिकामी पोकळी असते, जिथे उभे राहायला जागाच नाही.

या जागा कमी-जास्त कशाने होतात? इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. ऊर्जा जास्त, तर लाटेची लांबी कमी. पदार्थात अणूंचे थर असतात. लाटेची लांबी थरांमधल्या अंतराशी नेमकी जुळली, की थर तिला परत फेकतात. जाणारी आणि परतणारी लाट मिळून एक उभी लाट होते. ती पुढे जात नाही, जागच्या जागी डोलते. तिचे फुगवटे अणूंवर आले तर ऊर्जा कमी होते, अणूंच्या मधल्या जागेत आले तर वाढते. परिणामी त्या विशिष्ट ऊर्जेच्या सफेतल्या काही जागा पुढे सरकतात, काही मागे ढकलल्या जातात, आणि मधली सफ विरळ होते. तक्त्यात तिथे खळगा पडतो.

आणि येथेच मोजणीचे महत्त्व आहे. समजा जमाअत नेमकी त्या विरळ सफेपाशी संपते. मग पुढे सरकलेल्या सगळ्या जागा भरल्या आहेत आणि मागे ढकललेल्या सगळ्या रिकाम्या. प्रत्येकाला आधीपेक्षा पुढची जागा मिळाली. एकूण ऊर्जा घटली, आणि ऊर्जा घटली म्हणजे ती रचना टिकाऊ झाली. माणसे जास्त असती तर काहींना मागे जावे लागले असते आणि फायदा कमी झाला असता. ह्यूम-रॉदरी यांच्या आकड्यांचे हे स्पष्टीकरण १९३० च्या दशकात इंग्लंडमध्येच हॅरी जोन्स यांनी दिले.

साध्या स्फटिकात हा खळगा उथळ राहतो. कारण अणूंचे थर सगळ्या दिशांना सारख्या अंतरावर नसतात. एका दिशेला जी लाट परत फिरते, ती दुसऱ्या दिशेला बिनदिक्कत जाते. तांब्यात अशा परत फेकणाऱ्या महत्त्वाच्या दिशा १४. पाच-आठच्या पितळेत ३६, म्हणून तिथे खळगा अधिक खोल. शेख्टमन यांच्या जातीच्या क्वासीक्रिस्टलमध्ये दोन प्रकारचे सर्वांत प्रबळ ठिपके असतात: पंचकोनी सममितीच्या १२ दिशांना आणि आणखी ३० दिशांना. एकूण ४२, आणि मध्यापासून ते जवळजवळ सारख्याच अंतरावर. फुटबॉल डोळ्यासमोर आणा. तो पंचकोन आणि षटकोनांचे तुकडे शिवून बनतो, तरी गोल दिसतो. कारण तुकडे पुष्कळ आणि सगळीकडे सारखे पसरलेले. तसेच हे. इलेक्ट्रॉन कुठल्याही दिशेला निघाला तरी जवळपास त्याच ऊर्जेला त्याची लाट परत फिरते. सगळ्या दिशांचे खळगे एकमेकांवर येतात आणि एक खोल खळगा होतो. पूर्ण पोकळी नव्हे. थोड्या जागा उरतात, म्हणून हा पदार्थ दुर्वाहक होत नाही, फक्त फार वाईट वाहक होतो. या खळग्याला शास्त्रज्ञ स्यूडोगॅप म्हणतात.

याच्या जोडीला दुसरे कारण आहे. लोखंड, मँगनीज, पॅलेडियम यांसारख्या धातूंत आतल्या कवचातले काही इलेक्ट्रॉनही या व्यवहारात उतरतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रॉनांशी बंध जोडतात. त्यामुळे खळगा आणखी खोल होतो. मोजणीतही हे दिसते. अ‍ॅल्युमिनियमचे ६५ गुणिले ३, म्हणजे १९५, तांब्याचे २०, झाले २१५. लोखंड मात्र देण्याऐवजी घेते असे धरतात, अणूमागे २.६६. पंधरा अणूंचे सुमारे ४०. वजा केले तर १७५ उरतात, शंभर अणूंमागे. सरासरी १.७५. अ‍ॅल्युमिनियम, पॅलेडियम आणि मँगनीजचे ७०-२०-१० चे मिश्रण याच रीतीने १.७३ देते. त्साय यांनी पुढे एकामागून एक टिकाऊ क्वासीक्रिस्टल शोधले ते याच हिशेबाच्या आधाराने. आणि ते २.६६ सारखे आकडे कुठून आले? पाउलिंग यांच्या १९३८ च्या सिद्धांतातून! ज्यांनी क्वासीक्रिस्टल शेवटपर्यंत मानले नाहीत, त्यांच्याच आकड्यांनी ते शोधायला मदत केली. अलीकडच्या संगणकी गणितात हे उणे आकडे तसेच्या तसे टिकत नाहीत, हेही सांगायला हवे. खळग्याविषयी मात्र वाद नाही.

वाद नाही, कारण तो निरनिराळ्या वाटांनी मोजला गेला आहे. पदार्थावर अतिनील किंवा क्ष-किरण टाकून बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन मोजले, की कुठल्या सफेत किती होते ते कळते. शेवटच्या सफेपाशी संख्या स्पष्ट घसरलेली दिसते. अतिथंड तापमानाला पदार्थ किती उष्णता सामावतो यावरूनही शेवटच्या सफेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. साध्या हिशेबाने जितके असायला हवेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके किंवा त्याहून कमी भरतात. एक भाकीत मात्र फसले. संगणकाच्या गणितांनी सांगितले होते, की खळग्याभोवती जागांचा तक्ता कंगव्याच्या दातांसारखा, असंख्य बारीक सुळक्यांचा असेल. १९९० च्या दशकात फार बारकाईने मोजमाप झाले, सुळके दिसले नाहीत.

तरीही नुसत्या खळग्याने हिशेब पुरा होत नाही. जागा तिसऱ्या हिश्श्यावर आल्या तर अडथळा काही पट वाढावा, हजार पट नव्हे. उरलेले कारण त्या न-पुनरावृत्तीत आहे.

१९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवले, की अणूंची मांडणी पुन्हा पुन्हा तीच येत असेल तर इलेक्ट्रॉनाची लाट तिच्यातून विनाअडथळा पार जाते. धातूत जो अडथळा होतो तो अणूंच्या थरथरण्यामुळे आणि अशुद्धीमुळे. म्हणून शुद्ध आणि थंड तांबे उत्तम. क्वासीक्रिस्टलला ब्लॉख यांचा हा सिद्धांत लागू होत नाही. तिथे अणूंचा एखादा पुंजका थोड्या अंतरावर पुन्हा भेटतो, पण ठरावीक अंतरावर नाही, आणि त्याचे शेजारी वेगळे असतात. जुन्या मोहल्ल्यात नवखा पाहुणा फिरावा तसे. प्रत्येक वळणावर ओळखीची वाटणारी गल्ली, तोच ओटा, तोच पडदा, आणि दोन घरे पुढे गेले की कळते ही ती गल्ली नव्हे. इलेक्ट्रॉनाची लाट धड सगळीकडे पसरत नाही, धड एका जागी बसत नाही. एका पुंजक्यावरून तशाच दुसऱ्या पुंजक्यापर्यंत कशीबशी पोहोचते. अशा स्थितीत उष्णतेची थरथर किंवा एखादा दोष तिला मदतच करतो, अडकलेल्या लाटेला ढकलून पुढच्या पुंजक्यावर नेतो. म्हणून गरम केला की हा पदार्थ थोडा सुधारतो, आणि निर्दोष केला की बिघडतो.

वीज नाही तशी उष्णताही नाही. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता जितकी जाते त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकीच या मिश्रणातून जाते. शिवाय पृष्ठभाग कठीण, आणि त्याला वस्तू सहसा चिकटत नाहीत. फ्रान्सचे ज्याँ-मारी दुब्वा यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर पेटंट घेतले आणि क्वासीक्रिस्टलचा थर दिलेले तवे बाजारात आले. न चिकटण्याचा संबंधही शेवटच्या सफेतल्या कमी इलेक्ट्रॉनांशी आहे, असे दुब्वा यांचे म्हणणे. तवा चालला नाही. खारट पदार्थ शिजवले की मिठाने थर खराब होऊ लागला. आमच्या घरात तर तो महिनाभरही टिकला नसता. ज्याचा उपयोग खरोखर झाला ते एक पोलाद आहे. त्याच्या आत क्वासीक्रिस्टलचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि दाढीच्या पात्यांत व डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या बारीक सुयांत ते वापरतात.

निसर्गातही हा पदार्थ सापडला, आणि तोही जवळपास त्याच प्रमाणात. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या एका दगडाच्या कणात लुका बिंदी आणि स्टाइनहार्ट यांना २००९ मध्ये ६३ अ‍ॅल्युमिनियम, २४ तांबे आणि १३ लोखंड असा क्वासीक्रिस्टल मिळाला. दगड रशियाच्या अतिपूर्वेकडचा होता. २०११ मध्ये तिथे मोहीम गेली आणि तो उल्केचा तुकडा असल्याचे पक्के झाले. आपल्या देशातही शेख्टमन यांचा निबंध येताच बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ कामाला लागले होते. एका दिशेला पुनरावृत्ती आणि आडव्या पातळीत दहाची सममिती, असा जो दुसरा प्रकार आहे, तो १९८५ मध्ये बंगळूरच्या कमानीओ चट्टोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शोधाच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे नोंदवला.

इलेक्ट्रॉनांच्या बाजूने अजून नवनवे निघत आहे. २०१८ मध्ये जपानमध्ये अ‍ॅल्युमिनियम, जस्त आणि मॅग्नेशियमचा एक क्वासीक्रिस्टल शून्याच्या अगदी जवळ, निरपेक्ष मापावर ०.०५ अंशाला, अतिवाहक झाला; म्हणजे तिथे अडथळा पुरता नाहीसा झाला. ब्लॉख यांच्या लाटा नसताना इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा जमतात हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. २०२१ मध्ये जपानमध्येच सोने, गॅलियम आणि गॅडोलिनियमच्या क्वासीक्रिस्टलमध्ये लोहचुंबकत्व सापडले. संगणकावर हिशेब करणारे मात्र आजही बहुतेक वेळा खऱ्या क्वासीक्रिस्टलऐवजी त्याचा एखादा जवळचा नातेवाईक घेतात, ज्यात तेच पुंजके असतात पण शे-दोनशे अणूंनंतर मांडणी पुन्हा तीच येते. कारण पुनरावृत्ती असली की ब्लॉख यांचे गणित चालते.